गालातली गाठ

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येत असत. वय पन्नाशीच्या घरात. लिहिण्यावाचण्याची भारी हौस. पहिल्या रांगेत बसायच्या आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे वाचायच्या. अक्षर अडले तर हसायच्या आणि पुन्हा वाचायच्या.

एका दिवाळीनंतर मात्र मावशींचे वाचणे बंद झाले. त्या वर्गाला येत, पण कोपऱ्यात बसत. तोंडावर पदर घेत. "वाचा मावशी," म्हटले की नुसती मान हलवीत. आम्हाला वाटले, घरात काही बिनसले असेल.

एक दिवस वर्ग सुटला. सगळे गेले. मावशी मागे राहिल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? कुणाला सांगू नका. माझ्या गालात आतनं गाठ आलीया. वरीस झालं. क्यान्सर तर नसंल?"

"कुणाला दाखवलीत का?" आम्ही विचारले.

"न्हाई वो. दाखवली आन् त्योच निघाला तर? पोरीचं लगीन व्हायचंय. पैसा कुठला आनू? त्यापरीस ठावं नसल्यालं बरं."

वर्षभर त्या बाईने ही भीती एकटीने सोसली होती. नवऱ्याला सांगितले नाही, लेकीला सांगितले नाही. रात्री झोप लागत नसे. जीभ सारखी त्या गाठीवर जाई. गाठ दुखत नव्हती. दुखत होते ते मन.

आम्ही डॉक्टर नाही. गाठ कसली आहे, हे आम्ही सांगू शकत नव्हतो. म्हणून आम्ही एवढेच म्हटले, "मावशी, सोमवारी आपण दवाखान्यात जाऊ. आम्ही बरोबर येतो."

सोमवारी आम्ही गेलो. तिथे जे पाहिले, ऐकले आणि पुढे वाचून समजून घेतले, ते इथे सांगत आहोत.

डॉक्टरांनी काय पाहिले?

दातांच्या डॉक्टरीण बाईंनी मावशींना खुर्चीवर बसवले. दिवा लावला. हातमोजे घातले. गालाच्या आतल्या बाजूला, वरचे आणि खालचे दात जिथे मिळतात त्या रेषेवर, हरभऱ्याएवढी एक गाठ होती. रंग गालासारखाच गुलाबी. वरून गुळगुळीत. डॉक्टरांनी ती दोन बोटांत धरून हलवून पाहिली. मावशींना दुखले नाही.

मग त्यांनी तिथलीच दाढ पाहिली. दाढेचा एक टवका उडालेला होता. कड सुरीसारखी धारदार झाली होती.

"मावशी, घास चावताना इथला गाल दाताखाली येतो का?"

"येतो की! रोज येतो. आता सवय झाली."

डॉक्टर म्हणाल्या, "बहुतेक त्यामुळेच ही गाठ आली आहे. अशी गाठ साधी असते. पण नुसते डोळ्यांनी पाहून मी शपथ घेणार नाही. काढू, आणि तपासायला पाठवू. मग पक्के कळेल."

अशी गाठ का येते?

आपण कापडाला रफू करतो. कापड एका जागी फाटले की त्यावर दोरा घालतो. तीच जागा पुन्हा फाटली की पुन्हा दोरा घालतो. असे दहा वेळा केले तर काय होते? त्या जागी दोऱ्यांचा जाड गोळा होतो.

आपले शरीरही असेच रफू करते. गाल चावला गेला की आत बारीक जखम होते. ती भरून काढण्यासाठी शरीर चिवट धागे तयार करते. या धाग्यांना तंतू म्हणतात. एकदा चावले तर जखम भरते आणि काम संपते. पण तीच जागा रोज चावली गेली तर शरीर रोज तिथे तंतू घालीत राहते. हळूहळू तंतूंचा गोळा तयार होतो. त्यावर तोंडातली गुलाबी त्वचा असतेच. यालाच तंतूंची गाठ म्हणतात. डॉक्टर तिला फायब्रोमा म्हणतात.

गाठ झाली की ती गालातून पुढे येते. पुढे आली की दाताखाली आणखी सापडते. सापडली की आणखी थोडी वाढते. असे हे रहाटगाडगे चालते.

ही गाठ बहुधा गालाच्या आत येते. कधी जिभेच्या कडेला येते, कधी खालच्या ओठाच्या आत. म्हणजे जिथे दात लागतो तिथे. तिची वाढ फार सावकाश होते. बहुतेक वेळा ती एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोराच्या आठळीएवढी झाली की थांबते. ती दुखत नाही. तिचा कॅन्सर होत नाही. एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कुणाच्या नजरेने किंवा करणीनेही येत नाही.

कवळीची घडी

पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना कवळी असते. कवळी बसवून दहा-पंधरा वर्षे होतात. एवढ्या काळात हिरडी झिजते. मग कवळी ढिली होते. ती हलते आणि तिची कड ओठाच्या आत टोचते. तिथेही शरीर रफू करीत बसते. मग हिरडी आणि ओठ यांच्यामध्ये मांसाच्या घड्या पडतात. आरशात पाहिले तर दुहेरी ओठ असल्यासारखे वाटते.

अशा वेळी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. घरी कानस घेऊन ती घासू नये. डॉक्टरांकडे न्यावी. ते कड कमी करतात किंवा नवी कवळी करून देतात. घड्या मोठ्या असल्या तर काढतात. कवळी तीच ढिली ठेवून नुसत्या घड्या काढल्या तर त्या पुन्हा येतात.

हिरडीवरचे उंचवटे

हिरडीवर येणाऱ्या गाठी निरनिराळ्या असतात. दातांवर किटण साचले की हिरडी चिडते आणि तिथे लहानसा गोळा वाढतो. काही गोळे लालभडक आणि मऊ असतात. ब्रश लागला की त्यांतून रक्त येते. गरोदर बायकांना असा लाल गोळा कधी कधी येतो. त्याला घाबरू नये. दात स्वच्छ ठेवावेत. बाळंतपणानंतर तो पुष्कळदा लहान होतो. पण दाखवावा मात्र जरूर.

काही औषधांनीही हिरड्या फुगतात. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉईन नावाच्या गोळ्या देतात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, निफेडिपिन या गोळ्या देतात. या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हिरडी वाचवायला जाल आणि फिट येऊन विहिरीत पडाल! गोळी चालू ठेवा, डॉक्टरांना सांगा. गोळी बदलायची की नाही, ते ठरवतील.

आणखी दोन गोष्टी. खालच्या ओठाच्या आत कधी निळसर, पाण्याने भरलेला फोड येतो. तो फुटतो आणि पुन्हा येतो. ती लाळेची गाठ असते, तंतूंची नव्हे. आणि टाळूच्या मधोमध काहींना हाडाचा टणक उंचवटा असतो. तो रोगच नव्हे. कुणाचे नाक मोठे असते, तसा तो.

मावशींची गाठ काढली

आता मावशींचे पुढे ऐका. डॉक्टरांनी आधी विचारले, "साखरेचा आजार आहे का? रक्तदाब आहे का? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? कुठल्या इंजेक्शनचा पूर्वी त्रास झाला आहे का?" हे प्रश्न विचारले तर खरे ते सांगावे. लपवण्यात आपलेच नुकसान असते.

मग त्यांनी गालात बधिर करणारे इंजेक्शन दिले. मुंगी डसल्यासारखे झाले, एवढेच. थोड्या वेळाने गाल बधिर झाला. मावशी जाग्या होत्या, बोलणे ऐकत होत्या. डॉक्टरांनी गाठ मुळापासून काढली. दोन टाके घातले. कापूस दाबून धरायला दिला. सारे काम पंधरा-वीस मिनिटांत झाले.

मावशी बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न केला, "झालं व्हय?"

गाठ मात्र फेकून दिली नाही. औषधाच्या बाटलीत घालून, नाव लिहून, ती तपासायला पाठवली. प्रयोगशाळेत तिचे अगदी पातळ काप करतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आत नुसते तंतू आहेत की दुसरे काही, हे तिथे दिसते. आपण त्याला "तुकडा तपासणे" म्हणतो. लोकांचा एक समज आहे, की तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. हा समज खोटा आहे. तुकडा तपासल्यावाचून रोग कळत नाही. आणि कळला नाही तर उपाय करता येत नाही.

डॉक्टरांनी सांगितले, "गाल बधिर आहे तोवर जेवू नका. नाहीतर गाल चावाल आणि कळणारही नाही. आज गरम चहा नको. दोन-तीन दिवस मऊ भात, ताक, पेज घ्या. तिखट नको. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा."

आणि त्या धारदार दाढेची कड त्यांनी घासून बोथट केली. हे विसरून चालणार नाही. काटा पायात तसाच ठेवून नुसती जखम धुतली तर ती बरी होईल का? दाढ तशीच राहिली असती तर गाठ पुन्हा आली असती.

आठ दिवसांनी आम्ही टाके काढायला गेलो. कागदही आला होता. मावशींनी तो स्वतः हातात घेतला. कागद इंग्रजीत होता. डॉक्टरांनी मराठीत सांगितले, "साधी तंतूंची गाठ. कॅन्सर नाही."

मावशी खुर्चीवर बसून रडल्या. मग म्हणाल्या, "वरीस वाया गेलं माझं."

जाता जाता डॉक्टरांनी विचारले, "मावशी, मिश्री लावता ना?" मावशी लाजल्या. "ही गाठ मिश्रीने आली नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. तिने दुसरे दुखणे येऊ शकते, आणि ते असे साधे नसते. सोडा."

दिराची गोष्ट

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण मावशींचे धाकटे दीर एके दिवशी म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखीच गाठ माझ्या पन गालात हाय. तुमची साधी निगाली, तवा माझी बी साधीच. उगं दवाखान्यात कशाला जायाचं?"

भाऊजी वीस वर्षे चुना-तंबाखूचा विडा त्याच गालात ठेवीत होते. मावशींनी दिवसाउजेडी त्यांचे तोंड उघडायला लावले. गुळगुळीत गुलाबी गाठ तिथे नव्हती. पांढरा खरखरीत चट्टा होता आणि त्याच्या मधोमध थोडा उंचवटा होता. चट्टा बोटाने पुसून जात नव्हता.

मावशी म्हणाल्या, "भावजी, माझी गाठ माझी, तुमची गाठ तुमची. उद्या चला."

भाऊजींनी पुष्कळ सबबी सांगितल्या. पेरणी आहे, पैसे नाहीत, दुखत तर नाही. मावशींनी एकही ऐकली नाही. तुकडा तपासला. तो अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता. चट्टा काढला. तंबाखू सुटली. दर काही महिन्यांनी ते तोंड दाखवायला जातात. आणखी दोन वर्षे थांबले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको.

म्हणून म्हणतो, दोन माणसे दोन प्रकारे चुकतात. एक भीतीने दाखवीत नाही. दुसरा बेफिकिरीने दाखवीत नाही. दोघांनाही वाट एकच आहे: दाखवणे.

तोंड आखडणे

तंतूंचे आणखी एक दुखणे आहे. ते गाठीचे नाही, पण आपल्याकडे फार आहे. सुपारी, गुटखा, मावा, खर्रा सारखा चघळला की गालाच्या त्वचेखाली सगळीकडे तंतू पसरतात. गोळा होत नाही, पण गाल वाळल्या चामड्यासारखा ताठ होतो. आधी तिखटाने आग होते. मग तोंड कमी उघडू लागते. शेवटी भाकरीचा तुकडा आत घालणेही कठीण होते.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हे दुखणे पाहून त्याविषयी लिहिले. पुढे सुपारीचा संबंध कळला. सुपारीत तंबाखू नसली तरी सुपारीनेच कॅन्सर होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण बंदी कागदावर असून भागत नाही. ती आपल्या खिशात यायला हवी.

आपले तोंड आखडले आहे का, हे घरी पाहता येते. आपलीच तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालून पहा. मोठ्या माणसाच्या तोंडात ती बहुधा जातात. जात नसतील तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. या दुखण्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. सुपारी आजच सोडा.

काय करू नये?

गाठीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधू नये. ब्लेडने कापू नये. चुना, तेजाब किंवा तापलेली तार लावू नये. जत्रेतल्या वैदूकडून काढून घेऊ नये. यात रक्त जाते, जखम पिकते. सर्वांत वाईट म्हणजे गाठ फेकली जाते, तपासली जात नाही. ती साधी होती की नव्हती, हे मग कधीच कळत नाही.

लवकर केव्हा दाखवावे?

पुढीलपैकी काहीही दिसले तर दोन आठवड्यांहून जास्त थांबू नये:

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही.
पांढरा किंवा लाल चट्टा आहे आणि तो पुसून जात नाही.
गाठ भरभर वाढते, टणक लागते किंवा तिच्यातून रक्त येते.
दात कारणावाचून हलू लागला.
ओठ किंवा जीभ बधिर वाटते.
गिळताना त्रास होतो किंवा आवाज बदलला.
मानेत गाठ लागते.

यांतले एकही नाही आणि गाठ वर्षानुवर्षे तशीच आहे, तरीसुद्धा ती एकदा दाखवावीच. घाई नाही, पण आळसही नको.

कुठे जावे?

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी देतात. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. केसपेपर काढताना "तोंडात गाठ आहे" असे स्पष्ट सांगावे. नुसते "दात दुखतो" म्हटले तर भलत्याच रांगेत बसाल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो. आपल्या गावच्या आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतात. जुने कागद आणि चालू गोळ्या बरोबर न्याव्यात. आणि तपासणीचा कागद मागून घ्यावा, जपून ठेवावा.

तंबाखू सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.

महिन्यातून एकदा

महिन्यातून एक दिवस ठरवा. चूळ भरा. कवळी असेल तर काढा. उजेडात आरसा घेऊन बसा. आधी ओठ उलटून पहा. मग दोन्ही गाल बोटाने ओढून आतून पहा. हिरड्या पहा. जीभ बाहेर काढा, तिच्या दोन्ही कडा पहा. जीभ टाळूला लावून खालची जागा पहा. मान मागे टाकून टाळू पहा. शेवटी बोटांनी मान चाचपा. एवढ्याला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. नवऱ्याने बायकोचे पहावे, सुनेने सासूचे पहावे.

मावशी आता पुन्हा पहिल्या रांगेत बसतात. परवा त्यांनी वर्गात हाच धडा मोठ्याने वाचला. "प्रयोगशाळा" या शब्दापाशी अडल्या, हसल्या आणि पुन्हा वाचला. धडा संपल्यावर कोपऱ्यातून एक सून हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या सासूची कवळी लई ढिली झालीया..."

मावशी म्हणाल्या, "सोमवारी चल. मी येते बरोबर."

आता सांगा

१. मावशींच्या गालात गाठ कशामुळे आली?
२. गाठ काढल्यावर दाढेची कड का घासली?
३. काढलेली गाठ तपासायला का पाठवतात?
४. मावशींची गाठ आणि भाऊजींचा चट्टा यांत कोणता फरक होता?
५. तुमच्या घरात कुणाची कवळी ढिली आहे का? कुणाची दाढ गालाला लागते का? आज घरी जाऊन विचारा.